फेसाचं कडं

माझ्या थोरल्या जावेला सगळे 'लख्ख' म्हणायचे. कागदावर तिचं नाव वेगळं होतं, पण ते दवाखान्यात आणि मतदानाच्या रांगेत, एवढ्याच दोन ठिकाणी उपयोगाला यायचं. लग्न होऊन आली त्या आठवड्यात तिनं सासूबाईंचा तीस वर्षांचा काळा तवा असा घासला, की सासूबाई म्हणाल्या, "हा तर आरसा झाला. आता भाजायचं कशावर?" त्या दिवसापासून ती लख्ख. मी धाकटी, चार वर्षांनी आले, तोवर नाव पक्कं झालं होतं.

थोरले दीर कुलपं दुरुस्त करायचे. स्वभावानं बंद कुलपासारखेच. पण एकदा जेवताना त्यांनी पेला उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "हिला नवरा काचेचा मिळायला हवा होता. आरपार दिसला असता, भांडणं मिटली असती." तीही हसली. मग त्यांच्या हातातला पेला काढून घेतला, कारण त्यावर बोटांचे ठसे उठले होते.

लख्ख एका संस्थेत बाटल्या धुवायची. तिथं विषाणूंवर काम चालायचं. माणसाला होणाऱ्या आजारांचे नव्हेत, जंतूंना होणाऱ्या आजारांचे. जंतूलाही आजार होतो हे ऐकून मला बरं वाटलं होतं. तळमजल्यावर मागच्या बाजूला धुलाईची खोली. दोन खोल हौद, वाफेचा मोठा कुकर, काच वाळवायचा ओव्हन, आणि उत्तरेकडे एक उंच खिडकी. वरच्या मजल्यावरून वापरलेली काच क्रेटमधून खाली यायची. आधी कुकरमध्ये, म्हणजे आत काही जिवंत असेल तर मरेल. मग साबणाच्या पाण्यात. मग ब्रश: पोटाला एक, गळ्याला एक, बुडाला वाकवलेला एक. मग नळाखाली तीनदा, आणि शेवटी डिस्टिल पाण्यात. एकतीस वर्षं हेच.

तपासणी तिची स्वतःची होती. ओली बाटली खिडकीकडे धरायची. पाणी काचेवरून पडद्यासारखं सलग खाली सरकलं, तर काच साफ. मध्येच फाटून त्याचे मोती झाले, तर कुठेतरी तेल, कुठेतरी तूप, कुणाचं तरी बोट. मोती दिसले की बाटली परत हौदात. तिच्या हाताखाली जी मुलगी यायची तिला पहिल्या दिवशी एवढंच सांगायची: "मोती दिसले की परत." बाकीचं ती मुलगी बघून शिकायची, नाही तर पळून जायची. बहुतेक पळून जायच्या.

वर मोठे सर होते. माणूस भला, फक्त बोलायला लागला की जेवणाची वेळ टळायची. आणि एक भांडारवाले होते. त्यांच्या मते काच धुणं हा मागासलेपणा. प्लास्टिकच्या नळ्या आणि बाटल्या मागवा, वापरा, फेका. दर वर्षी ते सरांकडे हा विषय काढायचे आणि सर दर वर्षी म्हणायचे, "त्या बाईंच्या काचेबद्दल एक तरी तक्रार येऊ द्या, मग बघू." भांडारवाले जिन्यात लख्ख दिसली की विचारायचे, "काय काकू, तक्रार कधी येणार?" ती म्हणायची, "तुम्ही रिटायर झाल्यावर." दोघांचं हे वर्षानुवर्षं चाललेलं होतं. त्यात राग नव्हता, पण गंमतही पूर्ण नव्हती.

मग ती पोरगी आली. अंगानं काडी, केसांच्या अंबाड्यात पेन्सिल खोवलेली, आणि ती पेन्सिल शोधत दिवसभर फिरायची. संस्थेत तिला एका वर्षासाठी घेतलं होतं. काम दाखवलं तर पुढं ठेवणार, नाही तर नमस्कार. धुलाईच्या खोलीत वरून कुणी येत नसे, ही यायची. स्टुलावर बसून बडबडायची. लख्खनं एकदा विचारलं की बाई गं, तू करतेस तरी काय. त्यावर तिनं जे सांगितलं ते लख्खनं मला सांगितलं, आणि मी तुम्हाला सांगते आहे. वाटेत थोडं सांडलं असेल.

विषाणू म्हणजे एक डबी आणि आत कोंबलेला लांबलचक धागा. धाग्यावर त्या विषाणूचं सगळं लिहिलेलं, पिढ्यान् पिढ्यांचं. डबी आधी तयार होते, रिकामी, एका टोकाला भोक असलेली. पण धागा आपण होऊन आत जात नाही. त्याच्यासाठी काही प्रथिनं असतात. आधी बारकी प्रथिनं येतात, धाग्यावरची एक ठरावीक जागा ओळखतात आणि तिथं एकमेकांना चिकटून कडं करून बसतात. मग मोठं प्रथिन येतं, ते त्या कड्यापाशी धागा कापतं, कापलेलं टोक डबीच्या भोकाशी नेतं आणि आत ओढायला लागतं. असं ओढतं, की रजई उशीच्या अभ्र्यात कोंबावी तसा धागा आत दाबून बसतो.

लख्ख म्हणाली, "म्हणजे पायजम्यात नाडी घालायची."

पोरगी जरा विचारात पडली. मग म्हणाली, "हो काकू. आणि ही प्रथिनं म्हणजे नाडीची पिन."

त्या दिवसापासून तिचं नाव नाडीवाली. तिच्या तोंडावरसुद्धा. तिला आवडलं होतं, असं लख्खचं म्हणणं.

लख्खनं आणखी एक विचारलं होतं, की त्या कड्यांना कुठं बसायचं ते कोण सांगतं. पोरगी म्हणाली, "कुणीच नाही. धाग्यावरची खूण बरोबर असली आणि भोवतीचं पाणी बरोबर असलं, की आपसूक बसतात." हे वाक्य लख्खला नंतर फार आठवायचं.

पोरीचं काम पहिल्या पायरीचं होतं: कडं बसतं कसं. ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून एक युक्ती. जेलीसारखी एक पातळ पाटी असते. तिच्या एका टोकाला धागे ठेवायचे आणि विजेनं पुढं ढकलायचे. मोकळा धागा पुढं पळतो, कडं घातलेला धागा जड, तो मागं राहतो. पाटीवर मागं एक रेघ उमटली, म्हणजे कडं बसलं. लख्ख म्हणायची, "त्यांच्यात उलटं आहे. मागं राहिला तो पास."

पहिले दोन महिने पोरगी पास होत होती. रेघ यायची, स्वच्छ यायची.

मग उन्हाळ्यात डिस्टिल पाण्याचं यंत्र बिघडलं. दोन आठवडे शेवटचं खळबळणंही नळाच्या पाण्यात करावं लागलं, आणि आमच्याकडचं पाणी जड. काच वाळली की पांढरे ठिपके. बाकी कुणी काही म्हणालं नाही. पण नाडीवालीनं एक बाटली खाली आणली आणि म्हणाली, "काकू, याला डाग आहेत का हो?" तिनं साधं विचारलं होतं. लख्खच्या मात्र ते काळजात गेलं. तीस वर्षांत पहिल्यांदा कुणी तिच्या काचेवर बोट ठेवलं होतं, आणि तेही जिच्यावर तिचा जीव होता तिनं.

ती संध्याकाळी आमच्याकडे आली. आम्ही एकाच इमारतीत, ती दोघं वर, आम्ही खाली. आमचे हे एका मोठ्या कँटीनमध्ये भांडी धुण्याच्या यंत्रावर होते. तिथं निळा द्रव असायचा. शेवटच्या पाण्यात दोन थेंब टाकले की पेले पुसावे लागत नाहीत, बिनडागाचे वाळतात. आमच्या मोरीपाशी एक कॅन होता. लख्खनं औषधाच्या रिकाम्या बाटलीत थोडा मागितला. मी भरून दिला. गळ्यापर्यंत भरला, हात आखडला नाही. शेजारधर्म आणि जाऊधर्म दोन्ही एका बाटलीत.

नाडीवालीच्या बाटल्या वेगळ्या क्रेटमध्ये यायच्या, लाल पट्टीच्या. लख्ख फक्त त्या क्रेटच्या शेवटच्या पाण्यात ते थेंब टाकायला लागली. बाटल्या चमकल्या. पुढं यंत्र दुरुस्त झालं, डिस्टिल पाणी परत आलं, पण थेंब टाकायचे तिनं बंद केले नाहीत. बाकीच्यांना साधी काच, नाडीवालीला चकचकीत. लेकीच्या ताटात जास्तीचं वाढावं तसं.

आणि पोरीची रेघ गेली.

पहिल्यांदा तिला वाटलं, प्रथिन जुनं झालं असेल. नवीन केलं. मग धागा नवीन. मग मीठ कमी, मीठ जास्त, ऊब कमी, ऊब जास्त. पाटीवर सगळे धागे पुढं पळालेले, मागं कुणी नाही. शेजारच्या टेबलावर दुसरे लोक याच हौदातली काच वापरून तऱ्हेतऱ्हेची कामं करत होते, त्यांचं सगळं ठीक. त्यामुळे काचेचा विचार कुणाच्या मनात येण्याचं कारणच नव्हतं. लोक म्हणायला लागले, पोरीचा हात चांगला नाही. तिथं असं म्हणतात. एखाद्या बाईच्या हाताला चव नसावी, तसं. मोठे सर तिला म्हणाले की प्रत्येकाचा पिंड वेगळा असतो, शिकवण्याच्या कामातही समाधान आहे. त्यांना धीर द्यायचा होता. पोरगी ते ऐकून खाली आली आणि तासभर स्टुलावर बसून राहिली. महिनाअखेर सहामाहीची समिती बसणार होती. तिला ठेवायचं की नाही, ते समिती ठरवणार होती. चार महिन्यांत तिच्याकडे दाखवायला एक रेघ नव्हती.

त्याच आठवड्यात ती पुन्हा खाली आली होती. बोलता बोलता तिनं आपल्या क्रेटमधली धुतलेली बाटली उचलली, त्यात जरा डिस्टिल पाणी घेतलं, झाकण लावलं आणि हलवत बसली. काही करायचं म्हणून नाही. अस्वस्थ माणूस पदराचं टोक पिळतो, तसं. मग बाटली ठेवून वर गेली.

लख्खची नजर त्या बाटलीवर गेली. पाण्याच्या कडेनं, काचेला धरून, बारीक फेसाचं एक कडं बसलं होतं. नुसत्या पाण्याला फेस येतो, पण येतो आणि जातो. हे कडं गेलं नाही. तिनं हात पुसले. दुसऱ्या क्रेटमधली बाटली घेतली, तसंच पाणी, तसंच हलवलं. फेस आला आणि विझला. लाल क्रेटमधली आणखी एक घेतली. कडं.

ती घरी आली ती आधी आमच्याकडे. आमचे हे चहा पीत होते. तिनं विचारलं, "भाऊजी, त्या निळ्या पाण्यानं नक्की होतं काय?"

हे म्हणाले, "पाण्याचे थेंब धरत नाहीत. पसरून निघून जातं सगळं."

"म्हणजे काचेवर मोती दिसणारच नाहीत?"

"नाहीत."

"घाण राहिली असली तरी?"

"वहिनी, घाण असो नसो. त्याचं कामच ते आहे."

तिनं चहा घेतला नाही. मला तेव्हा समजलं नाही, पण आता समजतं. तिची तीस वर्षांची परीक्षा त्या दोन थेंबांनी फितवली होती. बाटलीत तेच थेंब चिकटून राहत होते, आणि तेच थेंब तिला खिडकीपाशी पडदा दाखवत होते. चोराच्याच हाती कंदील.

तरी तिनं लगेच तोंड उघडलं नाही. ती कुलूपवाल्याची बायको. किल्ली लागते की नाही ते आधी फिरवून बघायचं, हे त्या घरातलं वळण. दुसऱ्या दिवशी तिनं सहा बाटल्या घेतल्या. तीन जुन्या पद्धतीनं धुतल्या, उरलेल्या तिघींच्या शेवटच्या पाण्यात थेंब घातले. पहिल्या तिघींच्या गळ्याला पांढरा दोरा, दुसऱ्या तिघींना निळा. वर जाऊन पोरीला म्हणाली, या सहा वापर, काम एकच कर, आणि कुठल्या दोऱ्याचं काय झालं ते मला सांग. पोरीनं कारण विचारलं. लख्ख म्हणाली की आधी बघ, मग विचार. पोरगी इतकी खचलेली होती, की कुणी दोऱ्याऐवजी लिंबू बांधलं असतं तरी तिनं वापरलं असतं.

दोन दिवसांनी ती पाटीचा फोटो घेऊन धावत खाली आली. सहा उभ्या ओळी. पांढऱ्या दोऱ्याच्या तिन्ही ओळींत मागं रेघ. निळ्याच्या तिन्ही ओळींत काही नाही. निळ्यात काय घातलंत, म्हणून ती विचारत राहिली. लख्ख म्हणाली, "उद्या सांगते," आणि हौदाकडे वळली.

त्या संध्याकाळी आम्ही दोघी जिन्याच्या पायरीवर बसलो होतो. तिनं मला सगळं सांगितलं. मी घाबरले, कारण बाटली माझ्या मोरीतून गेली होती. मी तिला म्हटलं की थेंब टाकायचे बंद कर, पोरीचं काम उद्यापासून होईल, तुझंही नाव राहील, आणि भांडारवाल्याच्या हातात आयतं कोलीत जाणार नाही. मला अजूनही वाटतं, सल्ला व्यवहाराचा होता.

तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. म्हणाली, "आणि चार महिने तिचा हात वाईट होता, ते कोण पुसणार?"

रेघ आज आली म्हणून मागचे चार महिने धुऊन निघत नव्हते. समितीपुढं तेच जाणार होते.

सकाळी तिनं पोरीला सांगितलं. ठिपके, माझी बाटली, थेंब, फेस, सगळं ओळीनं. पोरगी आधी हसली, मग रडली, मग शहाण्यासारखी म्हणाली, "काकू, हे आपल्या दोघींत राहू दे. मी कुणाला सांगत नाही."

लख्ख म्हणाली, "लिही."

"अहो, पण तुमचं नाव..."

"नाव लिहू नकोस. बाटल्या कोण धुतं ते सगळ्यांना ठाऊक आहे."

पोरीनं सगळं सरांना लिहून दिलं. नुसतं लिहून भागणार नव्हतं, म्हणून मोठ्या सरांसमोर पुन्हा करून दाखवलं. चांगल्या बाटलीतलं पाणी घेतलं, कडं बसलं, रेघ आली. त्याच पाण्यात मुद्दाम त्या निळ्या द्रवाचा किंचित अंश घातला, रेघ गेली. सरांनी फोटो उलटसुलट करून बघितला आणि जेवणाची वेळ टळेपर्यंत बोलले. पण समितीला त्यांनी सांगितलं, की हात चांगला आहे. तिचं एक वर्ष वाढलं.

आणि तक्रार आली, तीही लेखी. भांडारवाल्यांनी दुसऱ्याच आठवड्यात प्लास्टिक मागवलं. त्यांनी लख्खला त्याबद्दल एक शब्द ऐकवला नाही. जिन्यात दिसली की बाजूला होऊन वाट द्यायचे. तिला टोमणा चालला असता. वाट दिलेली लागली.

धुलाईच्या खोलीत खोकी आली. एक हौद फळ्यांनी झाकून त्यावर रचली. लख्खला निवृत्तीला चौदा महिने होते. खोकी फोडणं, नळ्या मोजून वर पाठवणं, लेबलं लावणं, हे काम तिला दिलं. ते तिनं नीट केलं, पण मन लावून नाही. एकदा म्हणाली, "एकदा वापरून टाकायचं ते भांडं कसलं? तो पाहुणा." ब्रश मात्र तिनं फेकू दिले नाहीत. तिन्ही ब्रश खिळ्याला टांगलेले होते, आणि शनिवारी ती ते उगाच धुवायची.

नाडीवालीनं प्लास्टिक घेतलं नाही. तिनं सरांना सांगितलं, मला काच हवी आणि ती तळमजल्यावर धुतलेली हवी. एका वर्षाच्या नोकरीवर तिची एवढी हिंमत मला कौतुकाची वाटली. मग ते चौदा महिने रोज एक लाल क्रेट खाली यायचा, फक्त एक. शेवटचं पाणी साधं. आता दोन परीक्षा होत्या. खिडकीपाशी मोती बघायचे, आणि प्रत्येक क्रेटमधली एक बाटली पाणी घालून हलवायची. कडं राहिलं तर सगळा क्रेट परत.

पुढं पोरीचं काम डबीपर्यंत गेलं. तिनं एक चित्र खाली आणून दाखवलं, हजारो पटींनी मोठं केलेलं. गोल गोल डब्या, काही फिक्या, काही काळ्याभोर. फिक्या रिकाम्या, काळ्या म्हणजे धागा आत गेलेल्या. लख्खनं चष्मा लावून बराच वेळ बघितलं. काळ्या किती, फिक्या किती, विचारलं. पोरगी म्हणाली, अजून फिक्याच जास्त. लख्ख म्हणाली, होतील, नाडी घालताना पिन आत सुटतेच.

ती घरी बसली त्याला आता बरीच वर्षं झाली. दीर गेले. पाय दुखतात म्हणून ती तळमजल्यावर आमच्या शेजारच्या खोलीत आली. पाहुणा आला की आजही पेला धुते, त्यात पाणी घालते, वर तळहात धरून हलवते, उजेडात बघते, ओतून देते, आणि मग प्यायचं पाणी भरते. पाहुण्याला वाटतं, म्हातारीला काही तरी झालंय. तो निळा कॅन अजून माझ्या मोरीपाशी आहे. टाकवत नाही आणि वापरवत नाही.

मागच्या महिन्यात नाडीवाली भेटायला आली. आता ती स्वतः मोठी मॅडम आहे, पेन्सिल मात्र अंबाड्यातच. सांगत होती की तिच्याकडच्या मुलांना कुठलंही काम बिघडलं की ती आधी बाटलीत पाणी हलवून बघायला लावते. मुलांनी त्याला नाव ठेवलंय. एकमेकांना विचारतात, "लख्ख करून बघितलंस का?" का म्हणतात, ते त्यांना ठाऊक नाही.

पोरीला वाटलं होतं, काकू खूश होतील. लख्खनं तिच्या हातातला रिकामा पेला घेतला, उजेडाकडे धरून बघितला आणि म्हणाली, "म्हणजे एकतीस वर्षांचं राहिलं बाजूला, चार महिन्यांना माझं नाव लागलं."

मग उठून पेला धुवायला गेली.